टेम्पो, पिकअपवाल्यांसाठी सूचना: वेग आणि चलन

सभासद बंधूंनो,

रविवारी सकाळी 10 वाजता मार्केट यार्डात गेटजवळ जमायचं आहे. ज्यांची ई-चलनं थकली आहेत, त्यांनी आरसी आणि मोबाईल घेऊन या.

मालवाहू गाडीला केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार कमाल वेग असा:
– चौपदरी महामार्ग: ताशी 80
– शहर हद्द व इतर रस्ते: 60

बोर्डावर कमी आकडा असेल तर तोच धरायचा. शिरोलीहून कागलकडे मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो, ठाऊक आहे. हलक्या वाहनाला दंड 1000 ते 2000 रुपये. मालकांनो, ‘लवकर पोच’ म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 मध्ये पळवायला लावणाराही सापडतो.