गाडीतल्या दोषाचं खापर कामगारावर फोडण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2025च्या अर्थसंकल्पात मोठ्या परदेशी मोटारसायकलींवरची आयात जकात कमी झाली, तेव्हापासून छत्रपती संभाजीनगरजवळच्या आमच्या वाळूजला चहाच्या टपरीवर अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनचा विषय अधूनमधून निघतो. एवढ्या किमतीची नवीकोरी गाडी दोष निघाला म्हणून कंपनीला परत बोलवावी लागते, हे ऐकून तरुण पोरं चकित होतात. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "तिकडच्या कामगाराला कामाची आस्थाच राहिली नाही." हे वाक्य मला लागतं. वाळूज एमआयडीसीत ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस म्हणून माझी नोकरी झाली. आस्था कुठे जाते, ते मी जवळून पाहिलं आहे.

हार्लेचाच इतिहास बघा. 1969मध्ये ही कंपनी एएमएफ या उद्योगसमूहाकडे गेली. उत्पादन भराभर वाढवलं, माणसं कमी केली, संप झाले. गाड्या इतकं तेल गळू लागल्या की विक्रेत्यांना शोरूममध्ये गाडीखाली पुठ्ठा अंथरावा लागे. सगळे म्हणाले, अमेरिकन कामगार आळशी. पण 1979 साली होंडाने त्याच अमेरिकेत, ओहायोतल्या मेरीसव्हिल गावी मोटारसायकलींचा कारखाना काढला. कामगार अमेरिकनच होते, आणि तिथल्या गाड्यांची कुठे नालस्ती झाली नाही. मग दोष माणसांत होता की कारभारात?

1981मध्ये तेरा अधिकाऱ्यांनी कर्ज काढून हार्ले परत विकत घेतली. त्यांनी मापांचे तक्ते भरायला मशीनवरच्या माणसाला शिकवलं, त्याचं म्हणणं ऐकायला सुरुवात केली आणि सुट्या भागांचे ढीग कमी केले, म्हणजे खराब भाग त्याच दिवशी उघडा पडावा. 1983मध्ये रेगन सरकारने जपानी मोठ्या गाड्यांवर पाच वर्षांसाठी जबर जकात लावून या कंपनीला आधार दिला होता. 1987मध्ये कंपनीनेच सांगितलं, आता ती नको. एवढा बदल झाला.

पुढे गाडं पुन्हा जुन्या वळणावर गेलं. 2009मध्ये हार्लेच्या अमेरिकेतल्या यॉर्कच्या कारखान्यात जवळपास निम्मे कायम कामगार कमी करून गरजेपुरते बोलवायचे हंगामी कामगार घ्यायचं ठरलं. 2018च्या जानेवारीत कॅन्सस सिटीचा कारखाना बंद करायची घोषणा झाली आणि लगेच पुढच्या महिन्यात भागधारकांकडून शेअर परत विकत घ्यायची योजना आली. त्याच वर्षी क्लचच्या दोषापायी सुमारे 2 लाख 38 हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. एकामुळेच दुसरं घडलं असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. 2022च्या मे महिन्यात तर एका पुरवठादाराच्या भागात नियमपालनाची अडचण निघाली आणि इलेक्ट्रिक सोडून सगळ्या गाड्यांची बांधणी जवळपास दोन आठवडे थांबली. आमच्यासारख्या व्हेंडर, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता आपल्याकडचं सांगतो. ब्रेकचं तेल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या बोअरमध्ये, म्हणजे आतल्या पोकळीत, केसाएवढा ओरखडा राहिला, तरी आतला रबरी सील हळूहळू कातरला जातो. मोजायचं गेज तो ओरखडा दाखवेलच असं नाही. मुरलेल्या माणसाला तो आधीच कळतो, कारण टूल बोथट होत आलं की मशीनचा आवाज बदलतो. तो आवाज ओळखायला वर्ष-दीड वर्ष कानाशी मशीन लागतं. आणि ठेकेदारामार्फत आलेल्या पोराची नोकरी सात महिन्यांत खंडित! वर्षात 240 दिवस भरले तर कायद्याने त्याची सेवा सलग धरावी लागते, म्हणून त्याआधीच त्याला घरी पाठवायचं आणि त्याच्या जागी नवा आणून उभा करायचा.

वैजापूरकडचा एक मुलगा होता, फार चांगल्या हाताचा. एका रात्रपाळीत त्याने दोन नग बाजूला काढून सुपरवायझरला दाखवले. उत्तर मिळालं, "टार्गेट बघ, तपासायला क्वालिटीवाले आहेत." त्यानंतर त्या मुलाने नग बाजूला काढणं सोडलं. त्याचं काय चुकलं? लाइन थांबवली तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी गेटपास काढून घेतो, हे त्याला माहीत होतं. आम्ही तपासनीस शंभरातले पाच नग बघणार, उरलेले पंच्याण्णव त्याच्या हातून जाणार. त्याच ब्रेकवर कुणाचं तरी लेकरू मागे बसवून माणूस हायवेला निघतो.

2021च्या एप्रिलपासून आपल्याकडेही सदोष गाड्या परत बोलावण्याचे नियम लागू आहेत, दंड एक कोटी रुपयांपर्यंत आहे. त्यात गाडीमालकाच्या तक्रारीला जागा आहे. ज्याने तो दोष सगळ्यात आधी पाहिला, त्या कामगाराच्या तक्रारीला अशी खास जागा नाही. ती असली पाहिजे. प्रत्येक व्हेंडरकडे लाइन कुणी, कधी, का थांबवली याची वही असावी, गाड्या बनवणाऱ्या कंपनीने ती मागून बघावी, आणि थांबवणाऱ्याला कामावरून काढता येणार नाही अशी लेखी अट खरेदीच्या करारातच घालावी. ब्रेक, स्टिअरिंग आणि क्लचच्या भागांवर तरी कायम कामगारच उभा असावा.

इथल्या बिडकीनला टोयोटाचा कारखाना येणार म्हणून आपल्याकडे आनंद आहे, मलाही आहे. टोयोटाच्या लाइनवर साध्या कामगाराला दोरी ओढून काम थांबवता येतं, ही त्या कंपनीची जगभर ओळख आहे. आपले लोकप्रतिनिधी रोजगाराचे आकडे सांगतात, तेव्हा आपल्या वार्ताहरांनी त्यांना दोन प्रश्न जरूर विचारावेत: यातले कायम किती, आणि बिडकीन-शेंद्र्याच्या सुट्या भागांच्या कारखान्यांतही ती दोरी पैठण-गंगापूरच्या पोरांच्या हाताला लागणार आहे का?

आपला,
एक निवृत्त गुणवत्ता तपासनीस,
बजाजनगर, वाळूज
(कृपया नाव छापू नये.)