फाटकाचा खांब आणि साडेबारा हजार

सांगली सोडून पुण्यात, 9 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर गाडीच्या विम्याच्या प्रीमियमचा आकडा निघाला की बाबांचा आवाज चढतो आणि आई फोन काढून घेते. म्हणून लिहायलाच बसले.

बाबा, गेल्या वर्षी 6,400 होते, यंदा एजंटने 12,654 सांगितले. "लुटतात लेकाचे" हे तुमचं म्हणणं निम्मंच खरं आहे. रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचे, 2,094 तेवढेच आहेत. हजार सीसीच्या आतल्या गाडीचा तो दर सरकारी आहे, जून 2022 पासूनचा. वाढलंय ते ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, 3,000 चे 6,000. उरलेली वाढ ॲड-ऑनची, म्हणजे वरच्या जादा संरक्षणांची, आणि जीएसटीची, ते पुढे सांगते. ओन डॅमेज वाढायचं कारण आपल्या फाटकाचा खांब.

आई "या, या, अजून या" म्हणत हात हलवत होती, तुम्ही आरसा सोडून तिच्याकडे बघत होतात. कोण चुकलं ते पुन्हा उकरत नाही. बंपरचं बिल मजुरीसकट 4,800. प्लॅस्टिकचा निम्मा घसारा आणि आपल्या वाट्याचे हजार वजा जाऊन हातात आले 2,700. आणि पाच वर्षं क्लेम न करून जमवलेला 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे ओन डॅमेजवरची सवलत, गेला. आता यंदा शून्य, मग 20, 25, 35, 45, तेव्हा कुठे परत 50. जीएसटीसकट मांडून बघा, 2,700 च्या पायी जवळजवळ 9,000 जाणार. एजंटने हे तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्हीही मला एक फोन करायला हवा होता, पण असो.

पेपरातली 22 सप्टेंबरपासून जीएसटी माफ झाल्याची बातमी आयुर्विमा आणि आरोग्य विम्याची होती. गाडीला 18 टक्के आहेतच.

"नुसती थर्ड पार्टी काढू" म्हणालात, तेवढं मात्र ऐकणार नाही. 2019 चा ऑगस्ट आठवा. पुराचं पाणी ओसरल्यावर जुन्या आल्टोचा डॅशबोर्डचा कप्पा उघडला तर त्यातून गढूळ पाणी पायावर सांडलं आणि मागोमाग पॉलिसीचा लगदा. ती थर्ड पार्टीचीच होती, एक पैसा मिळाला नाही. अजूनही आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की तुम्ही रात्री दोनदा उठून अंगणात जाता, हे आईने सांगितलंय मला.

म्हणून एजंटने चिकटवलेल्या 2,300 च्या ॲड-ऑनमधली किल्ली, टायर वगैरे काढून टाकलं. इंजिन प्रोटेक्ट ठेवलंय. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी गेलं, तर साधी पॉलिसी हात वर करते. रोड साइड असिस्टन्सही ठेवलाय, शंभर रुपयांचा प्रश्न आहे. ओन डॅमेजवर बोनसखेरीज सूट किती द्यायची ते ज्याची त्याची कंपनी ठरवते, म्हणून चार ठिकाणी विचारलं. एकीकडे सगळं धरून 9,350 होतायत. गेल्या वर्षीचा आकडा काही परत येणार नाही.

आणि शेजारच्या काकांनी सुचवलं तसं "क्लेम नाही" असं फॉर्मवर अजिबात टाकायचं नाही. नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते, आणि खोटं निघालं तर नेमका गरजेच्या वेळी क्लेम अडकतो.

दिवाळीच्या पाडव्याला ही गाडी घेतली होती, त्यामुळे पॉलिसी 27 ऑक्टोबरच्या रात्री संपते. यंदा भाऊबीज 23 ला, म्हणजे घाईत राहूनच जायचं. एकदा मुदत गेली की गाडीची तपासणी मागे लागते. आई, देवघराशेजारच्या कपाटात निळ्या फाइलमध्ये आरसी बुक आहे, त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. उजेडात काढ, मागच्या वेळी नुसता तुझा अंगठा आला होता. पैसे मी इथून भरते. बाबा, त्यावरून वाद नको, दिवाळीत आले की द्या.

येताना एक जुना टायर आणतेय, खांबाला बांधायला.

तुमची,
ताई