तुम्ही आधी ‘नाही’ म्हणालात

ताई, नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात कुठेही येणार नाही. तुम्हीच बजावलंय, नाव-पत्ता फुटला की दुसऱ्या दिवशी पहाटे फाटकाशी पिल्लांचं खोकं ठेवलेलं असतं. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे होते, कारण घरात लहान मुलं असताना कुत्रं दत्तक घेऊ पाहणाऱ्या माझ्यासारख्या उत्साही बापांनी हे वाचावं असं वाटतं.

पहिल्या भेटीत तुम्ही आम्हाला कुत्रं द्यायला चक्क नकार दिलात. चहा घेतलात, बाल्कनीच्या गजांमधून हात घालून अंतर पाहिलंत आणि विचारलंत, “कुत्रं कशासाठी हवंय?” मी तयार उत्तर दिलं, मुलांना जबाबदारीची जाणीव व्हावी म्हणून. तुम्ही म्हणालात, “त्यासाठी तुळशीची कुंडी आणा. पाणी घालायचं राहिलं तर निदान ती रात्रभर रडणार नाही.” मग आठ वर्षांच्या लेकीला विचारलंत, शी कोण उचलणार? तिने झटकन हात वर केला. “तू नाही. बाबा.” मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

आम्हाला पिल्लू हवं होतं. मुलं लहान, पिल्लू लहान, सगळे मिळून वाढतील, असा आमचा हिशोब. तो तुम्ही एका वाक्यात मोडलात. पिल्लाचे दात सुईसारखे असतात, त्याला दिवसभर काहीतरी चावायचं असतं, आणि मोठेपणी ते कसं निघेल हे कुणालाच माहीत नसतं. त्यापेक्षा स्वभाव कळलेलं मोठं कुत्रं घ्या, म्हणालात. ठकी ही रस्त्यावरून उचललेली कुत्री तेव्हा तुमच्याकडे पाच महिने होती. वय साधारण तीन वर्षं, नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कानाला खाच. खरं तर नसबंदी केलेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असा नियम. पण वारज्याला महामार्गाच्या कडेला गाडीने उडवल्यापासून तिचा मागचा उजवा पाय नीट टेकत नव्हता. तिला परत त्या रस्त्यावर सोडणं तुमच्या जिवावर आलं.

तरी ती लगेच दिली नाहीतच. आधी मुलांची दोन आठवडे तालीम, तीही कापडी अस्वलावर! कुत्रं अंगावर झेपावलं की स्टॅच्यू व्हायचं, हात छातीशी, नजर स्वतःच्या पावलांवर. पळायचं नाही, किंचाळायचं नाही. डोक्यावरून हात फिरवायचा नाही, मिठी मारायची नाही. मानेच्या बाजूला तीन मोजेपर्यंत कुरवाळायचं आणि हात काढून घ्यायचा. ती आपणहून जवळ सरकली तर पुन्हा तीन. तोंड फिरवलं, ओठ चाटले किंवा उगाच जांभई दिली, तर पुरे. धाकटा साडेचार वर्षांचा, त्याला एवढंच कळलं की ठकीला विचारून हात लावायचा असतो. आता तो आजीचा गालगुच्चाही विचारून घेतो, ही वरकमाई.

ठकी आली आणि तीन दिवस चपलांच्या मांडणीखाली बसून राहिली. तिकडे बघायचंसुद्धा नाही, ही तुमची ताकीद मुलांपेक्षा मलाच जड गेली. आईचा विरोध होताच. तिने दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जुनी सतरंजी घातली आणि भोवती खडूने रेघ मारली. कुत्रीने याच्या बाहेर यायचं नाही! तुम्ही फोटो पाहिलात आणि म्हणालात, रेघ छान आहे, फक्त ती मुलांसाठी आहे असं सांगा. ठकी सतरंजीवर असली की मुलांनी रेघ ओलांडायची नाही. ठकी त्या रेघेवरून दिवसातून वीसदा ये-जा करायची. मुलांनी मात्र एकदाही ओलांडली नाही.

म्हणजे, एकदा सोडून. तिसऱ्या आठवड्यात आईने रात्री नामदेवांची गोष्ट सांगितली, कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले ती. दुसऱ्या संध्याकाळी ठकी चिकन-भात खात होती आणि आमचा नामदेव तुपाची वाटी घेऊन थेट तिच्या ताटलीपाशी. मी स्वयंपाकघरातून ऐकलं ते तिचं गुरगुरणं. खोल, छातीतून आलेलं. धावत बाहेर आलो तर पोरगा स्टॅच्यू, हात छातीशी, तूप फरशीवर. आणि माझा हात तिच्यावर उगारलेला.

तो खाली आला नाही, कारण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. तरी रात्री फोन केला. तुम्ही विचारलंत, “दात लागले?” नाही. “मग तिने सांगितलं आणि तो थांबला. दोघांनाही शाबासकी द्या. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं.” मग जरा थांबून, “आणि ती जेवताना मुलाला एकटं सोडलं कुणी?” त्याला उत्तर नव्हतं. तेव्हापासून ती बाल्कनीत जेवते, दार लावून.

सोसायटीचं थोडक्यात. लिफ्टमध्ये कुत्रं नको म्हणून नोटीस आली, तुम्ही पशू कल्याण मंडळाचं २०१५चं परिपत्रक पाठवलंत आणि वर लिहिलंत, “कागद फायलीत राहू दे, आधी हातात पिशवी दिसू दे.” पिशवी दिसली, प्रकरण थंडावलं.

पण सगळ्यात मोठे आभार फ्रिजवर चिकटवलेल्या तुमच्या चिठ्ठीचे. चावा असो की नुसता ओरखडा, लस दिलेल्या घरच्या कुत्र्याचा असला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना-तिखट काहीही लावायचं नाही आणि सरळ डॉक्टर गाठायचा. खाली तुमच्या अक्षरात एक ओळ: ‘मुलं लपवतात. त्यांना आजच सांगा, की सांगितलं म्हणून ठकीला परत पाठवणार नाही.’ हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. गेल्या महिन्यात लेक शाळेतून आल्यावर बराच वेळ घुटमळली आणि मग मोजा खाली केला. आदल्या दिवशी खेळताना ठकीचं नख लागलं होतं, नीट पाहिलं तरच दिसेल एवढंसं. धुतलं, डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी सांगितलेली इंजेक्शनं घेतली. परतताना तिने दोनदा विचारलं, ठकी घरीच आहे ना?

घरीच आहे. परवा फरशी पुसताना खडूची रेघ गेली. आईने ती पुन्हा मारली, या वेळी स्वतःच्या पलंगाशेजारी आणि जरा ऐसपैस.

तुमचा पिंजरा रविवारी आणून देतो. कडी अडकत होती, तेल घातलंय. आत दोन जुन्या चादरी ठेवल्यात, पुढच्याला लागतील.

आपला,
ठकीचा बाबा