फोन साहेबांनीच उचलावा

संपादक साहेब, पुढाऱ्यांनी मोबाईल जवळ बाळगावा का, तर माझं म्हणणं बाळगावाच, आणि उचलावा पण स्वतः. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही सगळे माळ्यावर, फोनला चार टक्के चार्जिंग, इथल्या एका पुढाऱ्यांना सारखा फोन लावत होतो, शेवटी पीएने उचलला, म्हणाला साहेब आत्ता बोलू शकत नाहीत, तेवढ्यात बॅटरी गेली ती गेलीच. खाली तांदळाचा डबा तरंगत भिंतीवर आपटत होता, तो आवाज अजून कानात आहे. सभागृहात फोन बंद ठेवा, ते बरोबरच आहे. पण पावसाळ्यात रेड अलर्टच्या रात्री तरी तो पीएकडे देऊ नका हो.

– एक वाचक, चिपळूण