नोकरी काय लढाईपुरतीच?

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला दुसरं महायुद्ध आणि बायकांवरचा लेख वाचला. चांगलाय, पण सगळा जोर त्या लाल रुमाल बांधून दंड दाखवणाऱ्या अमेरिकन बाईच्या पोस्टरवर (1943 चं), म्हणजे नाजूक बाई लढाईमुळे कणखर झाली वगैरे. अहो आमच्या सोलापुरात बायका नाजूक होत्या कधी? पूर्व भागात कुठल्याही गल्लीत जा, मांडीवर सूप, शेजारी ओली पानं, हात चालू आणि तोंडही चालू, हजार विड्या झाल्याशिवाय उठायचं नाही. मागाच्या घरात कांड्या भरायचं कामही बायकांकडंच. ह्याला कोणी पराक्रम म्हणत नाही. बाईला जे जमतं ते आधीपासून जमतच असतं, पुरुष फ्रंटवर गेले की सरकारला ते दिसायला लागतं एवढंच.

आपल्याकडचं उदाहरण लेखात नाहीच. कोळशाच्या खाणीत बायकांनी जमिनीखाली उतरायचं नाही असा नियम होता, महायुद्धात कोळसा कमी पडायला लागला आणि मजूर जास्त मजुरीच्या मिलिटरीच्या कामांवर पळायला लागले, मग 1943 ला सरकारनं बंदी उठवली. काल जे बाईला शोभत नव्हतं ते आज चाललं. मजूर खातं तेव्हा बाबासाहेबांकडं होतं, 1944 मध्ये असेंब्लीत त्यांनी हे नाइलाजानं आणि तात्पुरतं आहे असं सांगितलं, पण बायकांना मजुरी पुरुषाएवढीच मिळेल हेही ठासून मांडलं. 1946 ला बंदी परत आली. खाणीत उतरणं काय चांगलं काम नव्हे, बंदी आली ते बरं झालं असं माझंही अर्धं मत आहे, पण खाणीबाहेर त्या बायकांना तेवढ्या मजुरीचं दुसरं काम कोण देणार होतं?

आत्ताचंच बघा, मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला दोन महिला अधिकारी टीव्हीवर आल्या, घरोघरी कौतुक झालं. पण लष्करात 1992 पासून असलेल्या बायकांना पर्मनंट कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या कायम नोकरीसाठी, सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं आणि निकाल लागला 2020 ला.

आणि चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेलेल्या आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं स्मारक भैया चौकात आहे, शाळेच्या सहली जातात. त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान स्वतः चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत नर्स होत्या, जपानशी लढाई चालू असताना नर्सिंग शिकवत होत्या, 1942 ला मुलगा झाला आणि त्याच डिसेंबरात डॉक्टर गेले. इथं कोणालाही विचारा, 'कोटणीसांची चिनी बायको' एवढंच सांगतील. पुढच्या पुरवणीत त्यांच्यावर अर्धं पान द्या आणि हेडिंगमध्ये 'पत्नी' टाकू नका, नुसतं नाव टाका.

एक वाचक, सोलापूर