कॅमेऱ्याची नजर आणि चारचौघांची रीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कुठे कचरा साचू लागला, वस्तू चोरीला गेल्या की पहिली मागणी होते ती कॅमेऱ्याची. कॅमेरा निरुपयोगी नाही. पण तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, याचे बरेच मोजमाप झालेले आहे आणि ते न पाहताच खरेदी उरकली जाते. चाळीस वर्षांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. कॅमेरे लावलेल्या ठिकाणी गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी आढळले. सर्वांत जास्त फरक वाहनतळांवर पडला, हिंसक गुन्ह्यांवर मात्र म्हणण्याजोगा नाही. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. गाडीची काच फोडणारा आधी चहूकडे पाहून घेतो, संतापाच्या भरात हात उगारणारा पाहत नाही. शिवाय पडद्यासमोर कोणी बसलेले असेल आणि त्याने कळवल्यावर कोणी धावून येत असेल, तरच वचक राहतो. नुसते चित्रण साठवणारा कॅमेरा तपासाच्या कामी येतो. वचकासाठी त्याच्यावर विसंबू नये.

पाहणाऱ्या डोळ्यांचे नुसते चित्रही पुरते, असे एक मत मधल्या काळात फार पसरले. त्याचा उगम न्यूकॅसल विद्यापीठातील २००६ सालच्या प्रयोगात आहे. चहा-कॉफीच्या जागी आपापले पैसे टाकण्याचा डबा होता. दरपत्रकाच्या वर एका आठवड्यात फुलांचे, तर पुढच्या आठवड्यात डोळ्यांचे चित्र, असे दहा आठवडे चालले. खपलेल्या दुधाच्या दर लिटरमागे किती पैसे जमले हे पाहिले, तेव्हा डोळ्यांच्या आठवड्यांत रक्कम जवळजवळ तिप्पट निघाली. आकडा डोळ्यांत भरणारा, पण खोली एक आणि माणसे मोजकी. २०१७ मध्ये अशा अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा डोळ्यांच्या चित्रांनी माणसे अधिक उदार होतात याला आधार मिळाला नाही. त्याच विद्यापीठात सायकलतळांवर डोळ्यांच्या पाट्या लावल्या. तिथल्या चोऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या आणि पाट्या नसलेल्या तळांवर ६५ टक्क्यांनी वाढल्या. म्हणून असा उपाय करताना शेजारच्या जागांचीही नोंद ठेवावी. नाहीतर चोरीने नुसती जागा बदललेली असायची आणि आपण ती थांबली म्हणून खूश व्हायचे.

नजरेचा आणखी एक तोटा असा की ती मोजमापच बिघडवते. रुग्णालयात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण तपासायला निरीक्षक वॉर्डात उभा राहतो. टोरांटोतील एका रुग्णालयात हातांना लावायच्या जंतुनाशक द्रावणाच्या यंत्रांवर आपोआप नोंद होण्याची सोय होती. निरीक्षकाला दिसणाऱ्या यंत्रांचा वापर न दिसणाऱ्यांच्या सुमारे अडीच पट भरला. कर्मचारी लबाड होते असा याचा अर्थ नाही. नियम त्यांना ठाऊक होताच, समोरच्या माणसाने त्याची आठवण करून दिली, इतकेच. पण अहवालात जाणारी टक्केवारी मात्र फुगलेली राहते. तिच्या जोडीला दर हजार रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल असला की एक रुग्ण-दिवस) किती लिटर द्रावण खपले हा आकडा ठेवावा. तो कोणाच्या उपस्थितीने फुगत नाही.

आता मूळ मुद्दा. माणूस कॅमेऱ्याकडे क्वचित पाहतो, पण इतर काय करतात याकडे त्याचे सतत लक्ष असते. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: लोक काय करतात आणि लोकांना काय पटते. पाटी लिहिणारे या दोन्हींची गल्लत करतात आणि तिथेच घात होतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात अश्मीभूत, म्हणजे दगड बनलेल्या लाकडासाठी प्रसिद्ध असलेले राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटक तिथले तुकडे खिशात घालून नेतात. संशोधकांनी खुणा केलेले तुकडे वाटांवर ठेवून दोन मजकुरांची तुलना केली. ‘आजवर अनेकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाची स्थिती बदलली आहे’ अशा अर्थाची पाटी असताना सुमारे ८ टक्के तुकडे गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढेच सांगितले तेव्हा २ टक्क्यांहूनही कमी. पहिली पाटी कळकळीने लिहिली होती. वाचणाऱ्याने तिच्यातून घेतले ते एवढेच, की सगळेच नेतात.

कचऱ्याचेही असेच. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाहनतळावरील गाड्यांच्या काचांना जाहिरातीचे कागद लावून ठेवले. आवार आधीच घाण असेल तर ३२ टक्के लोकांनी कागद तिथेच टाकला आणि समोरून जाणारा कोणी कागद टाकताना दिसला की ५४ टक्क्यांनी. स्वच्छ आवारात हेच प्रमाण १४ टक्के होते. गंमत अशी की तिथे कोणी कागद टाकताना दिसला की ते ६ टक्क्यांवर आले! स्वच्छ जागी एकाने केलेली घाण उठून दिसते आणि इथे असे करत नाहीत हे लक्षात आणून देते. म्हणून आधी झाडून घ्यावे आणि मग पाटी लावावी. ढिगाऱ्याशेजारची ‘कचरा टाकू नये’ ही पाटी वाया जाते.

सरासरी सांगतानाही जपावे. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथे घराघरांत शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळवला. जास्त वापरणाऱ्यांनी तो कमी केला, पण आधीपासून काटकसरीने राहणाऱ्यांनी वाढवला. ज्यांच्या चिठ्ठीवर आकड्याशेजारी हसरा चेहरा काढला होता, ते काटकसरी पूर्वीसारखेच राहिले. नुसता आकडा सर्वांना मध्याकडे ओढतो, त्याच्या सोबत पसंतीची खूण लागते.

दंडाचे थोडक्यात सांगतो. इस्राएलमधील हैफा येथे पाळणाघरातून मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड सुरू केला, तर उशीर करणारे दुपटीच्या घरात गेले. पूर्वी शिक्षिकेला ताटकळत ठेवल्याचा संकोच होता, आता त्या वेळेची किंमत ठरली. दंड मागे घेतल्यावरही संकोच परतला नाही. किरकोळ दंड लावण्यापूर्वी, सध्या लोकलाजेवर किती काम भागते आहे हे पाहून घ्यावे.

हे सर्व आपल्याला लिहिण्याचे कारण असे की ‘शंभरातील चाळीस जण नियम पाळत नाहीत’ ही बातमी खरी असली तरी तिचे काम त्या लाकडाच्या पाटीसारखेच होते. आकडा लपवावा असे माझे म्हणणे नाही. पाळणारे साठ असतील तर मथळ्यात साठ यावेत आणि चाळीस मजकुरात. पाळणारेच थोडे असतील तर, खरोखर तसे घडत असल्यास, त्यांची संख्या वाढते आहे हे सांगावे. अमेरिकेत जेवणासाठी रांगेत उभ्या असलेल्यांना ‘३० टक्के लोक मांस कमी खातात’ असे सांगितले, तेव्हा १७ टक्क्यांनी मांसाविना जेवण मागवले. ‘३० टक्के लोकांनी अलीकडे मांस कमी करायला सुरुवात केली’ असे सांगितल्यावर ३४ टक्क्यांनी. आपल्या वार्ताहरांनी अशा पाहण्यांची बातमी करताना चालू आकड्याबरोबर मागील पाहणीचा आकडाही मागून घ्यावा आणि दोन्ही शेजारी शेजारी छापावेत, ही विनंती.

आपला,
सामाजिक मानसशास्त्राचा एक अध्यापक