ऑपरेटरकाका, रंग सांभाळलेत त्याबद्दल

आदरणीय ऑपरेटरकाका,

सप्रेम नमस्कार.

आमच्या चित्रपट मंडळाचा खेळ सुटल्यावर लोक आमच्याशी हात मिळवून गेले. त्यातले बरेचसे आभार खरं तर वरच्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये पोचायला हवे होते, म्हणून हे पत्र. उघड लिहितोय, कारण जुन्या एकपडदा थिएटरात चित्रकलेवरचा माहितीपट लावू पाहणाऱ्या इतर मंडळांनाही ते उपयोगी पडावं. केबिनमधलं काम चोख झालं तर कुणाला दिसत नाही. बिघडलं की अख्खी बाल्कनी मान वळवून मागे बघते.

माहितीपट होता नुकुसच्या संग्रहालयावरचा. नुकुस म्हणजे उझबेकिस्तानातल्या काराकल्पाकस्तानची राजधानी. इगोर सावित्स्की १९५० मध्ये पुरातत्त्व मोहिमेबरोबर चित्रकार म्हणून त्या भागात गेला आणि तिथलाच होऊन राहिला. १९६६ मध्ये त्याने तिथे संग्रहालय उभं केलं. मॉस्कोपासून इतक्या लांब, वाळवंटाच्या कडेला, रोज तपासायला कोण येणार? सोव्हिएत राजवटीच्या चौकटीत न बसलेल्या चित्रकारांची, माळ्यावर गुंडाळून पडलेली चित्रं त्याने त्यांच्या बायकामुलांकडून जमवली, तीही बरेचदा उधारीवर. नादेझ्दा बोरोवाया या चित्रकर्तीने सोव्हिएत श्रमछावणीत काढलेली रेखाटनं त्याने अधिकाऱ्यांना नाझी छावण्यांची म्हणून सांगितली आणि सरकारी पैशातून विकत घेतली! चित्रकार लिसेंकोचा तो निळसर, बंदुकीच्या नळीसारख्या डोळ्यांचा बैलही याच संग्रहातला.

ही गोष्ट नुसती ऐकूनही कळते. पण या चित्रांची सत्तेला एवढी अडचण का वाटली, हे रंग नीट दिसल्याशिवाय कळत नाही. आणि रंग तुमच्या हातात होते.

सर्वात आधी तुम्ही लेन्ससमोरचा थ्रीडीचा फिल्टर काढलात. साधी गोष्ट, पण थ्रीडीचा सिनेमा उतरला तरी तो फिल्टर तसाच राहिलेली थिएटरं कमी नाहीत, आणि तो राहिला की निम्म्याहून जास्त उजेड तिथेच अडतो. मग केबिनची काच. पडद्याच्या बाजूने तिच्यावर धूळ आणि तेलकट थर बसतो, तो आतून पुसून जात नाही. तुम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड घेऊन दोन्ही बाजू पुसल्यात. काच साधी खिडकीची असेल तर पांढऱ्यावर हिरवट झाक येते, हेही तुमच्याकडूनच कळलं. इथे ती ऑप्टिकल आहे, हे नशीब. झेनॉन दिवा खेळाआधी वीस मिनिटं पेटता ठेवलात, कारण गार दिव्याचा उजेड स्थिर नसतो. पडद्याच्या मध्यावर उजेड किती हवा याचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ निट (दोन्ही उजेड मोजायची एककं). तिथवर आणल्यावरच तुम्ही रंगाला हात घातलात.

खरी मेख पुढे होती. आमच्याकडे डीसीपी (थिएटरसाठी बनवलेली सिनेमाची डिजिटल प्रत) नव्हता, ब्लू-रे होती. ० ते २५५ च्या मापात ब्लू-रेवर काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरलेला असतो. प्रोजेक्टरला वाटलं की सिग्नल ० ते २५५ चा आहे, तर काळा राखाडी पडतो, पांढरा मळतो आणि सगळ्या चित्रावर धुकं पसरल्यासारखं दिसतं. उलट झालं तर सावल्यांमधला तपशील काळ्यात बुडतो. प्रेक्षक म्हणतो, ‘जुनी चित्रं आहेत, फिकी पडली असतील.’ म्हणजे दोष केबलच्या सेटिंगचा आणि बोल चित्रकाराला! तुम्ही आधी राखाडी पट्ट्यांची चाचणी लावलीत, १६ च्या खालची पट्टी दिसेनाशी होईपर्यंत आणि वरची जेमतेम दिसेपर्यंत इनपुट बदलत राहिलात, रंगाचा प्रकार रेक ७०९ वर (एचडी व्हिडिओच्या रंगांच्या प्रमाणावर) टाकलात, आणि मगच डिस्क चढवलीत.

चौकटीचंही तसंच. आपली केबिन बाल्कनीच्याही वर, म्हणून झोत खाली कलतो आणि चित्राचा आयत खाली फाकतो. मारामारीच्या सिनेमात ते कुणाच्या लक्षात येत नाही. इथे दर मिनिटाला भिंतीवर टांगलेली चौकट समोर, तिरकेपणा लगेच डोळ्यात सलतो. तुम्ही डिजिटल कीस्टोन, म्हणजे यंत्राने चित्रच वाकवून चौकट सरळ करणं, टाळलात, कारण त्यात पिक्सेल जातात आणि कुंचल्याचे फटकारे बोथट होतात. प्रोजेक्टर शक्य तितका सपाट ठेवून लेन्स शिफ्टने, म्हणजे नुसती लेन्स सरकवून, चित्र खाली घेतलंत, उरलेली कड काळ्या मास्किंगखाली, म्हणजे पडद्याच्या कडेच्या काळ्या कापडाखाली, झाकलीत. माहितीपटाची रुंदी उंचीच्या १.७८ पट, तो त्याहून रुंद सिनेमास्कोप पडदा भरायला ताणला असता तर वरखाली मिळून चौथा हिस्सा कापला जाऊन सबटायटल गेली असती. बाजूचं मास्किंग आत ओढलंत, चित्र पूर्ण उंचीवर बसलं. पडदा मोठा दिसावा म्हणून हट्ट धरणाऱ्यांना तुम्ही दिलेलं उत्तर मात्र इथे छापत नाही.

आवाजाबद्दल थोडक्यात: बोलण्याचा माहितीपट डाव्या-उजव्या स्पीकरवर सोडला की कडेच्या खुर्च्यांना एकाच बाजूने ऐकू येतं, तुम्ही संवाद मधल्या स्पीकरवर आणलेत. फेडर (आवाज कमीजास्त करायचा खटका) रिकाम्या सभागृहात लावला तर माणसं भरल्यावर कमी पडतो, म्हणून तो पहिल्या पाच मिनिटांत पुन्हा उचललात. आणि पंखे! त्यांच्या घरघरीत रशियन मुलाखतींमधले कापरे आवाज हरवले असते. ते बंद केल्यावर स्टॉलमधून ओरड झाली ती डोअरकीपरनी निस्तरली, त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

कागदपत्रांचं मंडळांसाठी लिहितो: माहितीपट असला तरी सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ खाली केंद्राची सूट. बंदी आलेल्या कलेवरचा माहितीपट दाखवायला परवानगी मागताना हसू येतं, पण कागद हातात येईपर्यंत तारीख जाहीर करू नये.

नंतरच्या चर्चेत चित्रकार अकबर पदमसींचा विषय निघालाच. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांच्या चित्रांवर अश्लीलतेचा खटला झाला, सरकार हायकोर्टात गेलं तरी पदमसी निर्दोष सुटले. तुम्ही तोवर दिवा विझवून, त्याचा पंखा चालू ठेवून, तो गार व्हायची वाट बघत वरच होतात, म्हणून खाली आला नाहीत.

ब्लू-रेचं सेटिंग तुम्ही वेगळ्या नावाने साठवून त्याचा कागद रॅकला चिकटवलाय. तो कुणाला काढू देऊ नका. पुढचा खेळही चित्रांवरचाच आहे आणि डिस्क आठ दिवस आधी तुमच्याकडे पोचवू.

आपले,
चित्रपट मंडळाचे सभासद